स्मरणिका, संगणक आणि आपला ळ

(मंडळाच्या मासिक सभेत स्मरणिका समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला दिलेला विषय आहे 'वर्डचा प्रगत वापर'. विषय ऐकताच मागच्या रांगेतल्या दोन-तीन काकूंनी घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. पण घाबरू नका. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे. राज्य शासनाच्या नोकरीत, नोटशीट आणि आवक-जावक यांत वीस वर्षे काढलेली माणसे. आमच्या डिप्लोमाच्या काळात पॉलिटेक्निकमधल्या संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे आणि आत गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही, हा पहिला धडा असे. पुढचे जे काही आले ते थोडे कचेरीने शिकवले आणि बरेचसे या मंडळाच्या स्मरणिकेने. म्हणून आज जे सांगू ते स्मरणिका समोर ठेवूनच सांगू.

आपल्या स्मरणिकेत काय असते? अहवाल, जमाखर्च, देणगीदारांची नावे, गुणवंत मुलांचे फोटो, श्रद्धांजलीची चौकट आणि सभासदांची सूची. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण इंदुरात पाच-पाच, सहा-सहा पिढ्या झालेल्या आपल्या घरांची दुसरी सलग नोंद कुठे आहे? कोणाचे मूळ गाव कोणते, कोण कोणत्या साली वारले, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, हे जुन्या स्मरणिकांतच सापडते. पुण्याला किंवा अमेरिकेला गेलेल्या मुलांना चाळिशी आली की पणजोबांची आठवण होते, आणि मग मंडळाला फोन येतो, 'जुन्या अंकात आमच्या घराबद्दल काही आहे का हो?'

आता गंमत पाहा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. होळकर दरबाराचा मराठी कारभार मोडीत चाले, त्यामुळे सनदा, पत्रे, हिशेब सगळे मोडीत. आज घरात ते वाचणारा कोणी नाही. आपण ते कागद देवासारखे जपतो आणि परत गुंडाळून ठेवतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकांच्या ज्या सीडी मंडळाच्या कपाटात आहेत त्यांचीही हीच गत झाली आहे. फाइल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मोडी वाचता न यायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या. इथे वीस वर्षांत काम झाले.

हे का होते ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आपल्या मध्य प्रदेशात अक्षरजुळणीच्या दुकानांतून आणि कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे कृतिदेव हा फाँट चालला. कृतिदेवात 'भारत' असे टाइप केले की पडद्यावर भारत दिसते, पण संगणकाच्या पोटात जाते ते एच, के, के, जे, आर. ही पाच इंग्रजी अक्षरे, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. मुखवटा म्हणजे तो फाँट. तो ज्या संगणकात नाही तिथे मुखवटा गळतो आणि खालचे एच-के-के-जे-आर उघडे पडते. अशा फाइलीत 'भारत' शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण तिथे तो नाहीच.

युनिकोडमध्ये असे नसते. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीला १२८ जागांची स्वतंत्र आळी मिळालेली आहे. त्या आळीत आपली चार घरे शेजारी-शेजारी आहेत: र ०९३०, ऱ ०९३१, ल ०९३२ आणि ळ ०९३३. खात्री करायची असेल तर विंडोजवरच्या वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३३ टाइप करा आणि ऑल्ट दाबून धरून एक्स दाबा. ळ येऊन उभा राहतो. उलटही होते. अक्षरापुढे कर्सर ठेवून तेच दोन बटण दाबले की त्याचा क्रमांक दिसतो. इथेच कृतिदेवाचे सोंग पकडले जाते: इंग्रजी अक्षराचा क्रमांक आला की समजावे, हे देवनागरी नव्हे.

टायपिंग नव्याने शिकावे लागेल या भीतीने पुष्कळ लोक युनिकोडकडे वळत नाहीत. तसे नाही. रेमिंग्टनचा हात बसलेल्यांसाठी युनिकोडमध्येच रेमिंग्टन गेल नावाचा कळफलक आहे. आपल्या राज्याच्या सीपीसीटी परीक्षेला बसलेल्या मुलांना तो माहीत असतो. ज्यांना काहीच येत नाही त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा असे आमचे मत. त्यात एन दाबला की ल, शिफ्टसह एन दाबला की ळ. जे दाबला की र, शिफ्टसह जे दाबला की ऱ. इतके सरळ आहे.

या ळ आणि ऱ साठी आम्ही एवढे का अडून बसलो आहोत, असे कोणी विचारील. तर ऐका. आपल्या अंकाची जुळणी हिंदी हात असलेला ऑपरेटर करतो. त्याचा दोष नाही, त्याच्या रोजच्या भाषेत ळ लागत नाही. म्हणून काळ्यांचे काले होतात, टिळकांचे तिलक होतात आणि ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते त्या होळकरांचे होलकर होतात. हिंदीत होलकर लिहिणे हा हिंदीचा हक्क आहे, त्याला आमची हरकत नाही. पण आपल्या स्मरणिकेत? सभासद सूचीतला 'मूळ गाव' हा रकाना 'मूल गाव' असा छापून येतो तेव्हा प्रत्येकाचे घराणे चंद्रपूर जिल्ह्यातून आले असे वाटू लागते, कारण मूल नावाचे गाव तिकडे खरेच आहे! आणि ऱ्या ऐवजी र्या पडले की महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानता मानता आपण आचार्यांचे आभार मानून बसतो. आचाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. वाटले तर आचार्यांना वाटेल.

यावर उपाय म्हणून लोक काय करतात? शोधा-आणि-बदला. कंट्रोल-एच दाबले, वरच्या चौकटीत काले, खालच्या चौकटीत काळे, आणि 'सगळे बदला'. झाले. काका कालेलकरांचे काळेलकर झाले. तेव्हा नावांच्या बाबतीत 'रिप्लेस ऑल'ला हात लावू नये, एकेक पाहत जावे. मात्र या कंट्रोल-एचच्या खिडकीत 'मोअर' म्हणून बटण आहे, ते बहुतेकांनी कधी दाबलेले नसते. ते दाबले की खाली 'फॉरमॅट' मिळते आणि तिथून फाँट निवडता येतो. म्हणजे शोधायच्या चौकटीत काहीही न लिहिता नुसते 'कृतिदेव फाँटातला मजकूर शोध' असे सांगता येते.

जुन्या फाइली सोडवताना याचा फार उपयोग होतो. कृतिदेवचे युनिकोड करणारे परिवर्तक मिळतात, पण त्यांना मुखवटा ओळखता येत नाही. मजकुरात मध्येच खरा इंग्रजी शब्द, ई-मेलचा पत्ता असे काही असले की तेही देवनागरी समजून त्याची खिचडी करतात. म्हणून आधी फाँटवरून शोधून फक्त कृतिदेवचा भाग वेगळा काढावा, तेवढाच परिवर्तित करावा. नंतर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार माणसाने वाचून घ्यावेत, कारण कृतिदेवात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, तिथेच परिवर्तक अडखळतो. एक सूक्ष्म गोष्ट आणखी. ऱ्य दोन वाटांनी तयार होतो. एक खऱ्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण एका वाटेने लिहिलेला कुऱ्हाडे दुसऱ्या वाटेने शोधलात तर मिळत नाही. आम्ही समितीत पहिली वाट ठरवून टाकली आहे.

आता भाषेची चिठ्ठी. वर्डच्या खालच्या पट्टीत डावीकडे एका भाषेचे नाव लिहिलेले असते. आज घरी गेल्यावर पाहा. आपल्याकडे नव्वद टक्के वेळा तिथे हिंदी असेल. कारण ज्या कळफलकाने टाइप करतो त्या भाषेची चिठ्ठी वर्ड प्रत्येक शब्दाला चिकटवत जातो. आपण जनगणनेच्या माणसाला पाणी विचारून, बसवून, मातृभाषा मराठी लिहून घेतो, आणि इकडे आपला सगळा मजकूर संगणकात हिंदी म्हणून नोंदला जातो. त्याचा परिणाम असा की शुद्धलेखन तपासणी हिंदीच्या कोशावरून होते, आहे-नाही सगळ्याखाली लाल रेघा येतात, आणि कंटाळून माणूस तपासणीच बंद करतो. मग खऱ्या चुकाही राहतात. काही फाँटांत मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि गाठीचा श हे हिंदी वळणांच्या जोडीला ठेवलेले असतात. लिबर ऑफिससारख्या कार्यक्रमात मजकुराची भाषा मराठी केली की असा फाँट आपोआप मराठी वळण घेतो. लिबर ऑफिस फुकट मिळते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. वर्डमध्ये 'रिव्ह्यू' मध्ये 'लँग्वेज' आहे; सगळा मजकूर निवडून मराठी करावी. त्याहून चांगले म्हणजे शैलीतच ती ठरवून टाकावी.

शैली म्हणजे स्टाइल. वर्डमधली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असे विचाराल तर आम्ही हीच सांगू, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही हीच. आपण लोक वर्डचा टाइपरायटर करून टाकतो. मथळा आला की निवडा, ठळक करा, आकार २० करा, मध्ये आणा. चाळीस लेखांना चाळीस वेळा. मध्येच कोणी अठरा केला, कोणी बावीस. मथळा मध्ये आणायला कोणी स्पेसबार दाबत बसतो. पान बदलायला एंटर, एंटर, एंटर. वरती दोन ओळी वाढल्या की खालचे सगळे घसरते. (नव्या पानासाठी कंट्रोल धरून एकदाच एंटर दाबावा, काही घसरत नाही.)

शैली वापरायची म्हणजे मथळा कसा दिसावा हे सांगायचे नाही, हा मथळा आहे एवढेच सांगायचे. लेखाच्या नावाला 'हेडिंग १', आतल्या उपमथळ्याला 'हेडिंग २', लेखकाच्या नावाला आपण स्वतः बनवलेली 'लेखक' नावाची शैली. दिसणे एकाच ठिकाणी ठरवायचे. अध्यक्षांनी आयत्या वेळी सांगितले की मथळे जरा मोठे हवेत, तर एका जागी आकडा बदलला की चाळीसही बदलतात. आणि आयत्या वेळी सांगितले जात नाही असे एकही वर्ष गेलेले नाही.

इथे देवनागरीवाल्यांसाठी एक खोच आहे. शैली बदलण्याच्या खिडकीत लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन खाने असतात. वर्डच्या लेखी देवनागरी ही कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आहे. आपल्याला तीत काही कॉम्प्लेक्स वाटत नाही, ती गोष्ट वेगळी. फाँट आणि आकार त्या दुसऱ्या खान्यात ठरवले नाहीत तर आपण बदलत राहतो आणि मराठी मजकूर जागचा हलत नाही. पुष्कळ लोक इथे वैतागून शैली सोडून देतात. सोडू नका, दुसरा खाना पाहा.

मथळ्यांना शैली दिली की अनुक्रमणिका हाताने करायची नाही. 'रेफरन्सेस' मध्ये जाऊन 'टेबल ऑफ कंटेंट्स' म्हटले की लेखांची नावे पानांच्या आकड्यांसह मांडून येतात. शेवटच्या दिवशी जाहिरात आली, चार पाने पुढे सरकली, तर त्या अनुक्रमणिकेवर एकदा क्लिक करून एफ-९ दाबायचे. डाव्या हाताला 'नॅव्हिगेशन पेन' उघडून ठेवले की सगळे मथळे यादीसारखे दिसतात; तिथे मथळा धरून वर ओढला की त्याखालचा अख्खा लेख फोटोंसकट वर जातो. श्रद्धांजली जाहिरातीच्या पाठीला येऊ नये, ही आपली रीत आहे. ती पाळणे यामुळे दोन मिनिटांचे काम झाले.

सभासद सूचीच्या तक्त्यात पहिली ओळ निवडून 'रिपीट हेडर रोज' करावे, म्हणजे प्रत्येक पानावर रकान्यांची नावे येतात. नावे अकारविल्हे लावायला 'सॉर्ट' आहेच. पण लावून झाल्यावर क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर कुठे बसले आहेत ते डोळ्यांखालून घालावे, आपल्या वर्णमालेत त्यांची जागा शेवटी आहे.

आता थोडे नाजूक बोलतो. लेख तपासण्याबद्दल.

आपल्याकडे लेख देणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांची मराठी इंदूरची आहे. 'तो येऊन राहिला आहे', 'मी करून राहिलो' असे त्यांच्या लिहिण्यात येते. आपल्यातलेच कोणी पुण्यात शिकून आलेले ते लाल पेनाने कापतात आणि अंक छापून आला की आजोबा म्हणतात, 'लेख चांगला आहे, पण माझा नाही.' यासाठी 'ट्रॅक चेंजेस' आहे. ते चालू करून दुरुस्त्या केल्या की मूळ शब्द जात नाही. कापलेला कापलेला दिसतो, घातलेला वेगळ्या रंगात दिसतो, बाजूला टिपण लिहून विचारता येते. मग ते पान लेखकाला दाखवायचे. त्याने हो म्हटले तर 'ॲक्सेप्ट', नाही म्हटले तर 'रिजेक्ट'. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही सुधारू, पण 'येऊन राहिला' सुधारायचे की नाही हे ज्याचे वाक्य आहे त्याने ठरवावे. आमच्यापुरते विचाराल तर ते राहू द्यावे. शंभर-दोनशे वर्षे माळव्यात राहून आपल्या मराठीला जे वळण पडले ते चूक कसे म्हणायचे? आणि ते या अंकात छापायचे नाही तर छापायचे कुठे?

दुसरी नाजूक गोष्ट निमंत्रणाची. एकच पत्र शेकडो घरांना नावानिशी पाठवायचे तर वर्डमध्ये 'मेल मर्ज' आहे. कचेरीत आम्ही नोटिसा याच पद्धतीने काढतो. एक्सेलमध्ये घरांची यादी करायची, एका घराला एक ओळ. वर्डमध्ये पत्र एकदाच लिहायचे आणि 'मेलिंग्ज' मध्ये जाऊन नावाच्या जागी नावाचा रकाना, पत्त्याच्या जागी पत्त्याचा रकाना बसवायचा. मग रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत जेवढी घरे तेवढी पत्रे तयार. देणगीच्या पावत्याही अशाच निघतात.

पण यादीत 'संबोधन' नावाचा एक वेगळा रकाना ठेवावा आणि तो दरवर्षी माणसाने बसून भरावा. वर्डला नियम घालून देता येतात, अमुक असेल तर श्री. व सौ., तमुक असेल तर श्रीमती. ते आम्हाला येते आणि तरी आम्ही करत नाही. कारण वर्षभरात एखाद्या घरी माणूस गेलेला असतो, आणि जुन्या यादीवरून 'श्री. व सौ.' अशा नावाचे आग्रहाचे निमंत्रण त्या दारात जाऊन पडते. ते पत्र उघडणाऱ्या वहिनींना काय वाटत असेल? यंत्राला हे कळणार नाही आणि त्याला कळावे अशी आपली अपेक्षाही नको. म्हणून पत्रे काढण्याआधी श्रद्धांजलीची यादी आणि निमंत्रणाची यादी शेजारी ठेवून दोन माणसांनी वाचायची, एकाने मोठ्याने. या कामाला आम्हाला दरवर्षी एक संध्याकाळ लागते.

छापखान्याबद्दल दोन शब्द. 'युनिकोड आमच्याकडे चालत नाही, कृतिदेवात आणा', असे ऐकवले जाते. पेजमेकरवर काम करणाऱ्याचे ते खरे आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, ती युनिकोड देवनागरी जाणत नाही. पण इनडिझाइनमध्ये सीएस ६ पासून 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' आहे, तो चालू केला की जोडाक्षरे नीट बसतात. हे नाव कागदावर लिहून घेऊन जा आणि शांतपणे सांगा. तरीही नाही म्हणाले तर वर्डमधूनच पीडीएफ करून द्या. त्यात फाँट आतच जातो. काहीही झाले तरी मूळ युनिकोड फाइल मंडळाच्या कपाटात राहिली पाहिजे, छापखान्याच्या नव्हे.

आणि फोटोंची चिंता करणाऱ्यांसाठी: २००७ पासून वर्ड जी डॉक्सएक्स फाइल बनवतो ती खरे तर एक गाठोडे असते. तिची एक प्रत काढून नावाच्या शेवटी झिप असे लिहिले आणि उघडली तर आत 'मीडिया' नावाच्या कप्प्यात सगळे फोटो सुटे मिळतात. ज्या घरांत मूळ फोटो हरवले, त्यांना जुन्या अंकाच्या फाइलीतून असे परत काढून देता येतात.

आता काम. येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही मंडळाच्या वाचनालयात दोन संगणक लावून बसणार आहोत. जुन्या अंकांच्या सीडी, पेनड्राइव्ह, कोणाच्या घरी एखाद्या वर्षाची नुसती छापील प्रत असेल तर तीही घेऊन या. फाइल उघडत नाही म्हणून टाकून देऊ नका. कचरा दिसत असेल तर बहुधा ती वाचेल. तरुण मुलांची गरज आहे ती वाचून दाखवायला आणि वडीलधाऱ्यांची गरज आहे ती काले आणि काळे ओळखायला, कारण कोणते घर खरेच काले आहे हे आम्हाला माहीत नाही. चहा मंडळाकडून. पोहे ज्याने त्याने आणावेत.